गुन्वोर हॉफ्मो मराठीत : प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४. आवाका

नॉर्वेच्या कवयित्री गुन्वोर हॉफ्मो (३० जून १९२१ – १४ ऑक्टोबर १९९५) यांच्या चोवीस कविता थेट नॉर्वेजियनमधून मराठीत आणायच्या. जोडीला दहा पानांची चरित्रटीप आणि प्रत्येक कवितेखाली जास्तीत जास्त चार ओळींचा खुलासा. मधे इंग्रजी अनुवाद ठेवायचा नाही. नॉर्वेचं साहित्य मराठीला नवं नाही. ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) लिहिलं, इब्सेनवरून अनंत काणेकरांनी ‘घरकुल’. पण ती रूपांतरं आहेत. नाटकाचं बिऱ्हाड दुसऱ्या गावात हलवता येतं. हॉफ्मोंची कविता मात्र शब्दांच्या जागेवर उभी आहे, शब्द हलला की ती कोसळते.

निवडीतली अडचण आधीच दिसते. त्यांच्या लेखनाचे दोन कालखंड आहेत. १९४६ ते १९५५ या नऊ वर्षांत पाच संग्रह आले, मग सोळा वर्षं एकही नवा संग्रह नाही, आणि १९७१ पासून १९९४ पर्यंत पुन्हा एकामागून एक. गाजलेल्या कविता बहुतेक पहिल्या कालखंडातल्या. त्या तेवढ्या घेतल्या तर ‘युद्धाने होरपळलेली तरुण कवयित्री’ एवढंच चित्र उरेल. म्हणून पहिल्या कालखंडातून दहा आणि दुसऱ्यातून चौदा.

११ मार्च. मूळ पाठ

आधार म्हणून १९९६ ची समग्र कविता. मरणोत्तर कवितांचा खंड १९९७ मध्ये आला, संपादक यान एरिक वॉल्ड. त्यातून या फेरीत काही घेत नाही, कारण कवयित्रीने स्वतः छापायला न दिलेली कविता आणि दिलेली कविता एका रांगेत बसवणं बरोबर वाटत नाही.

नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत, पण हक्क शिल्लक असलेली पुस्तकं साधारणपणे नॉर्वेतल्या जोडणीवरूनच उघडतात. बाहेरून संशोधनासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. स्कॅनवरून यंत्राने काढलेला मजकूर जसाच्या तसा वापरू नये. ‘ओ’वर तिरकी रेघ असलेलं आणि ‘ए’वर गोल कडी असलेलं, ही दोन नॉर्वेजियन अक्षरं यंत्र साध्या अक्षरांसारखी वाचतं आणि ‘मृत्यू’सारखा शब्दसुद्धा निरर्थक होऊन बसतो. दुसरा घोटाळा ओळीच्या तोडीचा: लांब ओळ कागदावर मावली नाही म्हणून खाली आली की कवयित्रीने तोडली, हे स्कॅनमध्ये कळत नाही. प्रत्येक कवितेच्या ओळी छापील प्रतीवरून मोजून आकडा शीर्षकाशेजारी लिहायचा. मराठी मसुद्यात तो आकडा जुळलाच पाहिजे.

शब्दकोश दोन लागतात. रोजच्या बोकमोलचा (नॉर्वेजियनचं जास्त प्रचलित लेखी रूप) एक आणि नॉर्वेजियन अकादमीचा मोठा कोश दुसरा. हॉफ्मोंची भाषा जुन्या वळणाची आहे. ‘काळा’ला त्या आजचं बोलीतलं रूप वापरत नाहीत, जुनं पुस्तकी रूप वापरतात. अशा छटा मोठ्या कोशातच सापडतात.

२० मार्च. नावं आणि उच्चार

नियम ठरले:

‘ह्य’ आणि ‘ग्य’ अशी लिहिलेली सुरुवात उच्चारात ‘य’ होते. ‘घरी’साठीचा शब्द ‘येम’, ‘पाहुणा’साठीचा ‘येस्ट’. ‘ह्व’मधला ‘ह’ मुका: ‘रोजचा दिवस’साठीचा ‘वॅरदाग’. शेवटचा ‘ओ’ बऱ्याचदा ‘ऊ’कडे झुकतो. नॉर्वेजियन माणसाच्या तोंडी ‘ऑस्लो’ हे ‘उश्लू’च्या जवळ जातं. तरी मराठीत ऑस्लोच ठेवायचं, आणि त्याच न्यायाने हॉफ्मो. वाचकाला नकाशात सापडेल असं नाव हवं.

रूट माइअर (हॉफ्मोंची मैत्रीण, तिची नोंद पुढे) हे नाव जर्मन आहे, म्हणून ‘रूथ’ नाही.

उच्चार तपासायला एक चांगली सोय आहे. सुझाना या नॉर्वेजियन गायिकेने २०११ मध्ये हॉफ्मोंच्या कवितांना चाली लावून पूर्ण अल्बम केला. संथ गायकी आहे, शब्द सुटे ऐकू येतात. पण आघात गाण्यावरून ठरवू नयेत, चालीने ते सरकतात.

३ एप्रिल. चरित्राची टाचणं

ज्याला तारीख किंवा वर्ष लावता येतं तेच घ्यायचं.

ऑस्लोतलं डाव्या विचारांचं कामगार कुटुंब. काका रोल्फ हॉफ्मो कामगारांच्या क्रीडा चळवळीतले पुढारी, युद्धात जर्मनांच्या साक्सेनहाउसेन छावणीत होते. नॉर्वेवर जर्मन ताबा ९ एप्रिल १९४० ते ८ मे १९४५. पहिला संग्रह १९४६, दुसरा १९४८. त्यानंतर ‘आंधळे नाइटिंगेल’ (१९५१), १९५४ आणि १९५५ ला आणखी एकेक. काही वर्षं कवयित्री आस्ट्रिड टोलेफ्सेन यांच्यासोबत संसार. १९५५ ते १९७१ ऑस्लोच्या गाउस्टाड मनोरुग्णालयात. निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. १९७१ मध्ये बाहेर, त्याच वर्षी ‘पृथ्वीवरची पाहुणी’ हा संग्रह आणि त्याला नॉर्वेजियन समीक्षकांचं पारितोषिक. १९८२ मध्ये दोब्लोग हे साहित्य पारितोषिक. ऑस्लोच्या सिमेन्सब्रोटेन भागातल्या फ्लॅटमध्ये मुक्काम. शेवटची बरीच वर्षं त्या जवळजवळ घराबाहेर पडल्याच नाहीत, पण संग्रह येत राहिले. शेवटचा १९९४ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी.

चरित्रटिपेच्या पहिल्या मसुद्यात निदान दुसऱ्याच परिच्छेदात आलं होतं. ते काढून वर्षांच्या क्रमात त्याच्या जागी नेलं. कारण सरळ आहे: निदान आधी वाचलं की वाचक प्रत्येक प्रतिमेत लक्षण शोधतो. ‘वस्तूंच्या पलीकडे उभी आहे’ ही ओळ १९४८ ची. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि गाउस्टाड अजून सात वर्षं लांब होतं. ती ओळ एका विचाराने, एका निश्चित वाक्यरचनेत लिहिलेली आहे. अनुवादात तिला धूसर केलं तर तो अन्याय होईल. नॉर्वेत त्यांना ‘अंधाराची गायिका’ म्हटलं जातं, वॉल्ड यांच्या २००० सालच्या चरित्रग्रंथाचं नावही तेच. आपल्या मुखपृष्ठावर हे बिरूद नको.

१७ एप्रिल. रूट माइअर

ही नोंद मोठी होणार, कारण तिच्याशिवाय निम्म्या कवितांमधला ‘तू’ कळत नाही.

रूट माइअर, जन्म व्हिएन्ना, १० नोव्हेंबर १९२०. ज्यू कुटुंब. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नातली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जळली तो दिवस तिचा अठरावा वाढदिवस होता. धाकटी बहीण इंग्लंडला निघून जाऊ शकली. रूट जानेवारी १९३९ मध्ये नॉर्वेला आली, ऑस्लोजवळच्या लिलेस्ट्रोममध्ये एका कुटुंबात राहिली, नॉर्वेजियन शिकली आणि १९४० मध्ये तिथली शालान्त परीक्षाही उतरली. त्याच वर्षी म्योसा सरोवराकाठच्या बीरी इथे मुलींच्या श्रमशिबिरात तिची हॉफ्मोंशी गाठ पडली. दोघी विशीच्या उंबरठ्यावर, दोघी लिहिणाऱ्या. पुढची दोन वर्षं त्या सोबत राहिल्या, सोबत कामं शोधली. शिल्पकार गुस्ताव विगेलांड यांच्या ‘चकित’ या शिल्पासाठी रूट मॉडेल म्हणून उभी राहिली. ते आज ऑस्लोच्या फ्रोग्नर उद्यानात आहे.

२६ नोव्हेंबर १९४२ रोजी रूटला ऑस्लोतल्या मुलींच्या वसतिगृहातून पकडून नेलं आणि त्याच दिवशी ‘डोनाउ’ जहाजावर चढवलं. जहाज तेव्हाच्या जर्मनीतल्या स्टेटिन बंदराला, तिथून रेल्वेने आउशवित्स. १ डिसेंबरला पोचल्या दिवशीच तिला गॅस चेंबरमध्ये मारलं. बावीस वर्षांची होती.

तिच्या डायऱ्या हॉफ्मोंनी मरेपर्यंत सांभाळल्या. १९५३ मध्ये त्यातला काही भाग छापावा म्हणून प्रकाशकाकडे प्रयत्न केला, नकार आला. हॉफ्मोंच्या मृत्यूनंतर त्यांच्या कागदांत वॉल्ड यांना त्या डायऱ्या मिळाल्या आणि २००७ मध्ये पुस्तक निघालं. २७ जानेवारी २०१२ रोजी पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी नॉर्वेजियन हातांनी झालेल्या या अटकांबद्दल माफी मागितली, त्या भाषणात रूटचं नाव आहे. जहाज सुटल्यापासून त्या माफीपर्यंत एकोणसत्तर वर्षं, आणि त्यातली जवळजवळ त्रेपन्न हे कागद एका बाईने जपले. चरित्रटिपेत हा हिशोब आकड्यांनीच मांडायचा, विशेषणं नकोत.

कामाच्या दृष्टीने एक सूचना: प्रत्येक ‘तू’ म्हणजे रूट नव्हे. काही ठिकाणी तो देव आहे, काही ठिकाणी आस्ट्रिड असू शकेल, काही ठिकाणी वाचक. खुलाशात नाव तेव्हाच द्यायचं जेव्हा मूळ कवितेत किंवा अर्पणात ते आहे.

२ मे. ‘मी’ आणि ‘तू’ यांचं लिंग

आजवरची सगळ्यात अवघड गाठ.

नॉर्वेजियन क्रियापद बोलणारा कोण, ऐकणारा कोण, हे सांगत नाही. मराठी क्रियापद सांगितल्याशिवाय राहत नाही. ‘मी जाते’, ‘तू गेलीस’ म्हटलं की दोन्ही बायका झाल्या. ‘तू गेलास’ म्हटलं की प्रेमकवितेचा चेहराच बदलला. १९४६ मध्ये एका स्त्रीने स्त्रीला उद्देशून लिहिलेली कविता नॉर्वेजियन सर्वनामांच्या आडोशाने छापली जाऊ शकत होती. मराठी व्याकरण तो आडोसा काढून घेतं.

‘मी’ स्त्रीलिंगी ठेवला. तो प्रश्न नाही. ‘तू’साठी मात्र लिंग न सांगणाऱ्या रचना हाताशी हव्यात. मसुदे करताना कामी आलेल्या अशा:

सकर्मक भूतकाळ: ‘तू पाहिलंस’, ‘तू दार उघडलंस’. क्रियापद कर्माकडे जातं, कर्ता झाकलेला राहतो.

चतुर्थीची रचना: ‘तुला दिसतं’, ‘तुला थंडी वाजते’.

भविष्यकाळ: ‘तू येशील’.

जुना रीतिभूतकाळ: ‘तू येईस’, ‘तू बोलावीस’. हा बोलण्यातून जवळजवळ गेलाय, पण कवितेत अजून जिवंत आहे, आणि पहिल्या कालखंडाच्या जुन्या वळणाला शोभतो.

अडतं ते अकर्मक भूतकाळात आणि साध्या वर्तमानात. ‘तू गेली’चं काय करायचं? ‘तुझं जाणं’ असं नाम करून पाहिलं. दोनदा चाललं, तिसऱ्यांदा कविता अहवालासारखी वाटायला लागली. शेवटी ठरलं: जिथे मूळात रूटचं नाव जोडलेलं आहे तिथे उघड ‘तू गेलीस’. बाकी ठिकाणी वरच्या चार रचनांपैकी एक. आणि प्रस्तावनेत हे स्पष्ट लिहायचं, कारण वाचकाला कळायला हवं की कुठे कवयित्री बोलतेय आणि कुठे मराठी व्याकरण.

२१ मे. ‘आता रोजचा दिवस नाही’

पहिल्या संग्रहातली, सर्वांत प्रसिद्ध कविता: ‘दे आर इंगेन वॅरदाग मेर’. दोन-दोन ओळींची यमकं, ओळ आखूड, प्रार्थनागीताची चाल. आशय मात्र छावण्यांतल्या मृतांचा. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) त्याच्या पुढच्याच वर्षीच्या. युद्धोत्तर भीषणता जुन्या, ओळखीच्या छंदात ओतायची हे दोघांनी एकमेकांची गंधवार्ता नसताना केलं. म्हणून सुरुवातीला अभंगाचा ठेका लावून पाहिला. चार मसुदे झाले, चारही टाकले. अभंग म्हटला की शेवटी विसावा येतो, मराठी कान त्याची वाट पाहतो. या कवितेत विसावा नाही. आरंभीचं कडवंच शेवटी परत येतं आणि दार लागतं.

शब्दनिहाय निर्णय:

‘वॅरदाग’ म्हणजे आठवड्यातला कामाचा दिवस, सणावाराचा नसलेला, नेहमीचा. मराठीत एक नाम नाही. ‘सामान्य दिवस’ हे सरकारी. ‘दैनंदिन’ हे वहीचं. ‘रोजचा दिवस’ घेतलं.

किंकाळी आणि प्रेत या अर्थाचे दोन शब्द मूळात यमकात येतात, ‘स्क्रीक’ आणि ‘लीक’. मराठीत तसं यमक नाही, पण ‘क’ हाताशी आहे: ‘मुक्या किंकाळ्या’, ‘काळी कलेवरे’. अंत्ययमक सोडून हा ‘क’चा आघात संपूर्ण कवितेत राखला.

‘मृत’ चालणार नाही. मूळ शब्द ‘ठार मारलेले’ असा आहे, मारणारा त्यात उभा आहे. ‘मारलेल्यांचा श्वास’.

राख. ‘रक्षा’ नको, ‘अस्थी’ तर नकोच. त्या दोन्ही शब्दांत संस्कार झालेले आहेत, कुणीतरी गोळा केलंय, नदीत सोडलंय. इथे पायाखाली येते ती नुसती राख.

आणि ‘आम्ही’. नॉर्वेजियनमध्ये एकच शब्द, मराठीत ‘आपण’ की ‘आम्ही’ हे ठरवावं लागतं. पहिल्या तीन मसुद्यांत ‘आपण’ होतं, वाचकाला सोबत घेणारं. मोठ्याने वाचताना चूक सापडली. कविता देवाशी बोलते आहे. देवाला उद्देशून ‘आपण राख तुडवतो’ म्हटलं तर देवही त्या राखेवरून चालू लागतो. म्हणून ‘आम्ही’. पण लगेच दुसरा धोका: घरी परतायला वळण्याच्या ओळीत ‘आम्ही’ आलं की मराठी वाचकाच्या मनात ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ वाजतं. तुकोबांचं ते घर वैकुंठ. हॉफ्मोंचं घर म्हणजे ऑस्लोतला जिना. त्या ओळीत ‘गाव’ टाळलं, ‘निरोप’ टाळला, ‘परत घरी’ एवढंच ठेवलं.

‘देवा’ हे संबोधन मात्र न अडखळता बसलं. देवाला ‘तू’ म्हणून जाब विचारायची मराठीला सवय आहे.

१२ जून. ‘दुसऱ्या वास्तवातून’

१९४८ च्या संग्रहाची शीर्षककविता. यमक गेलं, मात्रा गेल्या, मुक्त ओळ आली. नॉर्वेजियन कवितेतल्या आधुनिकतेचा इतिहास सांगताना रोल्फ याकोब्सेन (१९३३) आणि पॉल ब्रेक्के (१९४९) यांची नावं ठरलेली असतात. या दोघांच्या मधे ही कविता आहे, हे खुलाशात लिहायचं.

शीर्षक सोपं गेलं. मूळ शब्दाचे अर्थ ‘दुसरं’ आणि ‘वेगळं’ असे दोन्ही, मराठी ‘दुसऱ्या’तही ते दोन्ही आहेत.

पहिली ओळ: ‘सीक ब्लीर एन आव रूपे ओम विर्केलिहेत’. इथे ‘ओम’ या शब्दयोगी अव्ययाने दोन मसुदे फसवले. त्याचा कोशातला पहिला अर्थ ‘विषयी’, पण ‘हाक मारणे’ या क्रियापदासोबत तो ‘साठी’ होतो, जशी मदतीसाठी हाक. ‘वास्तवाच्या हाकेने’ असंही चालत नाही. मग वास्तवच हाक मारतंय असं होतं. इथे वास्तव मिळावं म्हणून कुणीतरी ओरडतंय. ‘टाहो’ हा शब्द सापडल्यावर ओळ उभी राहिली: ‘आजारी होतो माणूस, वास्तवासाठी टाहो फोडून.’ ‘फोडून’मुळे ओरडणारा आणि आजारी एकच ठरतो. मूळात तेवढं स्पष्ट नाही. हे नुकसान मान्य करून नोंदवलं.

‘एन’ हे अनिश्चित सर्वनाम आहे, त्याला ‘माणूस’ अगदी नेमका. ‘एखादा’ किंवा ‘कुणी’ केलं तर ओळ दुसऱ्या कुणाबद्दल होते.

पुढे: वस्तूंच्या फार जवळ गेल्याने जळून त्यांच्या पलीकडे निघणं. ‘अतिशय जवळ’ लिहिलं होतं, ते ‘नको इतकी जवळ’ केलं. ‘जळत आरपार’. ‘आरपार’ला पर्याय नाही.

मग उजेड आणि अंधार वेगळे न झालेली जागा येते. बायबलच्या उत्पत्तीत पहिल्याच दिवशी देव त्यांना वेगळं करतो, म्हणजे कविता सृष्टीच्याही आधी जाऊन उभी राहते. म्हणून इतरत्र ‘उजेड’ वापरत असलो तरी या एका ओळीत ‘प्रकाश’, मराठी बायबलचा शब्द.

शेवटच्या एकटेपणाला मूळात ‘बरा न होणारा’ असं विशेषण आहे. ‘असाध्य’ म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. ‘बरा न होणारा एकटेपणा’ तसंच ठेवलं. पहिल्या ओळीतल्या ‘आजारी’शी ते जाऊन मिळतं आणि वर्तुळ पुरं होतं. ‘एकांत’ कुठेही नाही, मराठीत एकांत मागून घेतला जातो.

८ जुलै. संग्रहांची नावं

चरित्रटिपेसाठी सगळी शीर्षकं मराठीत हवीत. मजकूर एकेका ओळीचा, वेळ कवितेइतकाच गेला.

पहिला संग्रह, १९४६: ‘मला माणसांत घरी जायचंय’. नॉर्वेजियन शीर्षकात ‘जाणे’ हे क्रियापद नाही, नुसतं ‘हवंय घरी, माणसांकडे’. ‘माणसांत यायचंय’ करावं असा मोह होतो, पण ‘माणसात येणे’ म्हणजे दुखण्यातून उठणे. पुन्हा आजाराची वाट. नको.

‘आंधळे नाइटिंगेल’, १९५१. ‘बुलबुल’ चुकीचा, तो दिवसाचा पक्षी आणि कुळही वेगळं. कोकीळ तर नाहीच. ‘रातवा’ मराठीत आधीच दुसऱ्या पक्ष्याचं नाव आहे. मूळ शब्दात ‘रात्र’ आणि ‘गाणे’ दोन्ही आहेत, ते खुलाशात सांगायचं.

‘जागती रात्र’, १९५४. ‘जागरण’ म्हटलं की गोंधळ आणि संबळ ऐकू येतो.

१९५५ चं शीर्षक मृत्युपत्र आणि बायबलमधला ‘करार’ या दोन्ही अर्थांचं. ‘एका अनंताला मृत्युपत्र’ घेतलं, दुसरा अर्थ टिपेत.

‘नोव्हेंबर’, १९७२. शब्द तोच, हवा उलटी. आपल्याकडे दिवाळी उरकलेली, थंडी सुखाची. ऑस्लोत पानं गळून गेलेली असतात आणि डिसेंबरच्या मध्यावर दिवस जेमतेम सहा तासांचा उरतो. शिवाय २६ तारीख, रूटच्या अटकेची. खुलासा चारऐवजी पाच ओळींचा झाला तरी चालेल.

‘नाकाबंदी’, १९७३. ‘रस्ता रोको’ म्हणजे आंदोलन. मूळ शब्दातला अडथळा वरून लादलेला आहे.

१९७६ च्या शीर्षकाने अडवलं. नॉर्वेजियनमध्ये ‘रात्र काय पकडते’ आणि ‘रात्रीला काय पकडतं’ दोन्ही एकाच वाक्यात मावतात, नामाला विभक्ती नाही आणि शब्दक्रम दोन्हीला तोच. मराठीत एक मारावाच लागतो. ‘रात्र काय पकडते’ घेतलं, दुसरं वाचन शेजारी तिरप्या रेघेने छापायचं.

‘मला कातळाला दे’, १९८४. ‘डोंगर’ नको, मूळ शब्दात उघडा खडक आहे, आणि नॉर्वेच्या लोककथांत माणसं खडकाच्या आत ओढून नेली जातात. कोकण-गोव्याचा ‘कातळ’ अगदी तोच पोत देतो.

‘नाबोथ’, १९८७. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय: आहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो, तो देत नाही, म्हणून खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी मारलं जातं. एवढी गोष्ट दिल्याशिवाय मराठी वाचकाला शीर्षक बंद राहील.

‘नाव नसलेला उजेड’, १९९२. ‘निनावी’ला पत्राचा आणि तक्रारीचा वास आहे.

५ ऑगस्ट. तपासणीची रीत

प्रत्येक कवितेची चार रकान्यांची फाइल: मूळ ओळ, शब्दाला शब्द, अर्थ, मराठी ओळ. पूर्ण झाल्यावर चौथा रकाना तेवढा अशा माणसाला द्यायचा ज्याने मूळ पाहिलेलं नाही, आणि त्याच्याकडून साध्या गद्यात आशय लिहून घ्यायचा. ते गद्य तिसऱ्या रकान्याशी ताडायचं.

अकरा कविता तपासल्या. चुका तीन जातीच्या निघाल्या. एक, नॉर्वेजियन नामाला मागून चिकटणारा निश्चिततेचा प्रत्यय. ‘पक्षी’ आणि ‘तो पक्षी’ यांतला फरक मराठीत आपोआप येत नाही. सगळीकडे ‘तो’ लावला की ओळी जड होतात, मुळीच नाही लावला तर ओळखीचा पक्षी अनोळखी होतो. एका कवितेत जास्तीत जास्त दोनदा लावायचा. दोन, जोडशब्द. नॉर्वेजियन दोन नामं सहज जोडते. मराठीत त्याचा संस्कृत समास केला की कविता कीर्तनकाराच्या तोंडची वाटते. ‘चा-ची-चे’ने सोडवावा, ओळ लांबली तरी. तीन, अनुवादकाने घातलेले उद्गार. मूळात उद्गारचिन्ह आहे तिथेच ठेवायचं. १९७१ नंतर ती फार विरळ होतात.

२ सप्टेंबर. दुसरा कालखंड

या कविता आखूड, कोरड्या, प्रतिमा कमी. दिसायला सोप्या म्हणून त्यांना कमी वेळ राखला होता, तो अंदाज चुकला. पाच ओळींच्या कवितेत एक शब्द ढिला पडला तर झाकायला जागाच नसते.

भाषेची पातळी वेगळी ठेवायची: १९५५ पर्यंत ‘कलेवरे’, ‘झाडे’, ‘नाही’. १९७१ पासून ‘झाडं’, ‘दारं’, ‘नाहीये’. मूळातही आवाज खाली उतरलेला आहे, खोलीत बसून बोलल्यासारखा. फ्लॅट, खिडकी, पक्षी, हात, उशिराची वेळ, एवढंच सामान. त्यातून त्या तेवीस वर्षं कविता काढत राहिल्या, आणि आमच्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे.

२३ सप्टेंबर. हक्क

नॉर्वेत संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं, म्हणजे २०६५ अखेर. भारतात साठ, म्हणजे २०५५ अखेर. भारतीय छपाईलाही परवानगी लागणारच. मूळ प्रकाशक गिल्डेंडाल, पत्रव्यवहार तिथूनच सुरू करायचा. पत्रात चोवीस कवितांची नावं, संग्रह, पानं आणि ओळींचे आकडे द्यायचे. ‘काही कविता’ असं मोघम लिहिलं की उत्तर लांबतं.

अनुवादासाठी नॉर्वेची नोर्ला ही संस्था अनुदान देते, पण अर्ज परदेशी प्रकाशकाने करायचा असतो, अनुवादकाने नव्हे, आणि हक्कांचा करार आधी लागतो. म्हणजे क्रम: मराठी प्रकाशक, मग हक्क, मग अनुदान. उलट क्रमाने गेलं तर कागद परत येतात.

२१ ऑक्टोबर. जुळणी

‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकलेला सापडला. दिसायला सारखा, पण शोधताना निम्मेच शब्द मिळतात. संपूर्ण फाइलमध्ये टिंबाचा ‘ऱ’ अधिक हलन्त ही एकच पद्धत लावली. पीडीएफ करताना दोन फाँटांत तो तुटतो. छापखान्याला फाइल देण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘ताऱ्यां’ या तीन शब्दांवर नजर फिरवायची.

सोळा कविता पक्क्या, पाच दुसऱ्या मसुद्यात. तीन अजून हातच लावलेल्या नाहीत, तिन्ही ‘नाबोथ’मधल्या. त्यांतल्या एकीत ‘आम्ही’चा प्रश्न पुन्हा आहे, आणि या वेळी ऐकणारा देव नाही. ‘आपण’ लावून पहिला मसुदा पुढच्या सोमवारी.